रोटरी इंजिनातला कार्बन घरच्या घरी काढायचा असेल तर

हे माहितीपत्रक माझ्दाच्या आरएक्स-७ आणि आरएक्स-८ गाड्यांमधल्या दोन रोटरच्या (रोटर म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारा तिकोनी भाग) १३बी इंजिनासाठी आहे. पिस्टनच्या इंजिनाची सवय असलेल्यांनी ते पूर्ण वाचूनच प्लगला हात लावावा. इथे पाण्यानेही साफसफाई होते आणि पाण्यानेच इंजिन फुटतंही.

कार्बन धरतो कुठे

एपेक्स सीलला (रोटरच्या प्रत्येक टोकावरची पट्टी) वंगण मिळावं म्हणून रोटरी इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं. मीटरिंग पंप संपमधलं (खालच्या ऑइलच्या भांड्यातलं) ऑइल चेंबरमध्ये सोडतो आणि त्याची काजळी रोटरच्या तोंडावर, सीलच्या खाचेत आणि पोर्टच्या कडेला बसते. एपेक्स सील खाचेत मोकळा सरकला पाहिजे, कारण मागची स्प्रिंग आणि वायूचा दाब त्याला बाहेर ढकलतात. खाच काजळीने भरली की सील आत रुतून बसतो आणि कॉम्प्रेशन (चेंबरमधला दाब) गळतं. अशी गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये उठते, पण गरम झाल्यावर बंद केली की पुन्हा स्टार्ट घ्यायला छळते.

आरएक्स-८ च्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या भिंतीत असल्यामुळे साइड सीलही (रोटरच्या सपाट बाजूंवरच्या पट्ट्या) सहज चिकटतात.

आधी कान लावा

साफसफाईने चिकटलेला सील सुटतो. झिजलेला सील भरून येत नाही. म्हणून आधी तपासणी. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सोडवा, खालचा (लीडिंग) प्लग काढा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. भोकातून फुस्-फुस्-फुस् असे तीन फुसकारे एकसारखे आले पाहिजेत, रोटरच्या तीन बाजूंचे. तीनपैकी शेजारशेजारचे दोन कमजोर असतील तर त्या दोघांमधला एपेक्स सील बहुधा अडकला आहे, कारण एक एपेक्स सील दोन चेंबरना सामाईक असतो. एकच कमजोर असेल तर संशय साइड सीलवर घ्या. तिन्ही सारखेच मेलेले असतील आणि गाडी खूप चाललेली असेल, तर ती झीज समजा. तिथे बाटलीतलं औषध वाया घालवू नका.

आकडा हवा असेल तर रोटरीचाच टेस्टर लागतो. साधा गेज तिन्ही बाजूंपैकी सगळ्यात चांगली तेवढी दाखवतो आणि दोष झाकून टाकतो. आरएक्स-८ ला २५० आरपीएमवर ८.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर हे ठीक, ६.९ ही खालची हद्द.

पहिला उपाय: पाणी

चेंबरमधल्या सर्वसाधारण काजळीसाठी हाच पुरतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) सगळ्यात कमी त्रास देतो. पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या पाण्यातले क्षार आतच राहतात. एकूण एक लिटर पुरे.

गाडी उघड्यावर उभी करा आणि इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थ्रॉटल आणि इंजिन यांच्या मधली, दोन्ही रोटरना हवा पोचवणारी एक बारीक व्हॅक्यूम नळी शोधा. मत्स्यपेटीच्या हवेच्या नळीला लावतात तो छोटा व्हॉल्व्ह तिला जोडा आणि दुसरं टोक बाटलीत सोडा. कोणाला तरी इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर धरायला सांगा आणि व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा. मिनिटाला १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जाता कामा नये, म्हणजे लिटरला निदान दहा मिनिटं. इंजिन गुदमरलं तर व्हॉल्व्ह बंद करा, आवाज सावरू द्या, मग पुढे.

ब्रेक बूस्टरची जाड नळी उघडी बाटलीत टाकण्याचा मोह होतो. ते करू नका. एका चेंबरचं आकारमान ६५४ सीसी आणि आरएक्स-८ मध्ये कॉम्प्रेशन १०:१, म्हणजे पूर्ण दाबल्यावर जेमतेम ७२ मिली जागा उरते. तेवढं पाणी एका घोटात गेलं की ते दाबलं जात नाही, एपेक्स सील तुटतो. टर्बो असलेल्या आरएक्स-७ ला पाण्याचा वेग आणखी कमी ठेवा. सुटलेला खडा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जातो.

पाणी संपल्यावर पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवा, म्हणजे आतली वाफ निघून जाईल.

दुसरा उपाय: भिजवण

चिकटलेल्या सीलसाठी कार्बन विरघळवणारं द्रावण प्लगच्या भोकातून घालावं लागतं. हे ज्वालाग्राही असतं. कॉइल आणि फ्युएल पंप बंदच ठेवा. वायरींवर आधी चिठ्ठ्या लावा: पुढचा रोटर १, मागचा २, वरचा प्लग ट्रेलिंग, खालचा लीडिंग. दोन्ही प्लगचं टायमिंग वेगळं असतं, वायरी उलट लागल्या की गाडी ठोकर खात चालते.

इंजिन कोमट असताना दोन्ही लीडिंग प्लग काढा. ओतायचं ते याच भोकातून. ट्रेलिंगचं भोक आतून मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं. नळी भोकाच्या तोंडाशीच टेकवा, आत सरकवली तर रोटर तिचा तुकडा पाडतो. एका बाजूला २५ मिली घाला, मग पुढच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून, समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने, शाफ्ट पूर्ण एक फेरा फिरवा. रोटर तेवढ्यात एक तृतीयांशच फिरतो आणि पुढची बाजू भोकासमोर येते. तीन बाजू, दोन रोटर: सगळं मिळून १५० मिली. द्रव परत वर आला तर शाफ्ट थोडा हलवा, जोर लावू नका. दोन ते चार तास, फारच चिकटलं असेल तर रात्रभर ठेवा. बाटलीवर कमी वेळ लिहिला असेल तर तोच पाळा.

त्यानंतर भोकांवर फडका धरा, समोर तोंड आणू नका आणि पाच-पाच सेकंद सेल्फ मारून द्रव बाहेर फेका. येणारा द्रव काळा, शाईसारखा दिसेल. आता प्रत्येक भोकात ५ मिली इंजिन ऑइल घालून शाफ्ट हाताने दोन-तीन फेरे फिरवा. ही पायरी वगळली की हमखास फसगत होते: द्रावणाने सीलवरचा ऑइलचा पापुद्रा धुतलेला असतो, कॉम्प्रेशन आधीपेक्षाही कमी येतं आणि इंजिन मेलं असं वाटतं.

पहिल्या स्टार्टला जुनेच प्लग बसवा, ते खराब होणारच आहेत. फ्यूज आणि कनेक्टर परत लावा. आरएक्स-८ मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की पेट्रोल थांबतं आणि ओलावा निघतो. नंतर पाय सोडून नेहमीसारखी स्टार्ट करा. दाट पांढरा धूर येईल, बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नये. कन्व्हर्टर लालसर दिसला तर इंजिन लगेच बंद करा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) घालायचा जुना जुगाड कन्व्हर्टर असलेल्या गाडीला आम्ही सुचवत नाही.

अर्धा तास गाडी चालवा, आधी हळू, मग गरम झाल्यावर वरच्या आरपीएमला. परत आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला, कारण द्रावण संपमध्ये उतरलेलं असतं. मग नवे प्लग.

पुन्हा साचू नये म्हणून

इंजिन थंड असताना गाडी दोन मीटर सरकवून बंद करू नका. रोटरी पेट्रोलने भरून बसते. गरम झाल्यावर आठवड्यातून काही वेळा रेडलाइनजवळ (आरपीएमच्या वरच्या मर्यादेजवळ) जाऊ द्या. पेट्रोलच्या लिटरमागे ४ मिली कमी राखेचं टू-स्ट्रोक ऑइल मिसळलं तरी चालतं. काही शे किलोमीटर झाल्यावर तीन फुसकारे पुन्हा ऐका. फरक नसेल तर तिसऱ्यांदा भिजवू नका, इंजिन उघडायची वेळ झाली आहे.