झरोक्यातील स्त्री

मोगल व राजस्थानी लघुचित्रांतील एक रूढ चित्रविषय. नटलेली स्त्री गवाक्षात, छातीपर्यंत वा कमरेपर्यंत आणि बहुधा एकचश्म (एकच डोळा दिसेल अशी, बाजूने) दाखविलेली असते. कठड्यावर गालिचा, वर गुंडाळलेला पडदा, हातात फूल किंवा मद्याचा प्याला. मोगल बादशहा मुहम्मदशाहाच्या कारकीर्दीत (१७१९–४८) व त्यानंतर अशी चित्रे विपुल झाली.

आकृतिबंधाच्या उगमाविषयी मतैक्य नाही. जेझुइट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री १५८० मध्ये अकबराच्या दरबारी आले. त्यांनी व पुढे व्यापाऱ्यांनी आणलेल्या यूरोपीय मुद्राचित्रांतील (छापील चित्रांतील) कठड्यामागची अर्धव्यक्तिचित्रे हे मूळ, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते मूळ बादशाही झरोकादर्शनात, म्हणजे बादशहाने झरोक्यातून प्रजेला दर्शन देण्याच्या प्रथेत, आहे (ही प्रथा औरंगजेबाने १६६८ च्या सुमारास बंद केली). जहांगीराची बेगम नूरजहान झरोक्यात बसे व सरदार हजर होत, ही त्या काळचा इतिहासकार मुतमद खान याची नोंद या मताला पूरक ठरते. अजाची मिरवणूक पाहण्यासाठी गवाक्षांकडे धावणाऱ्या स्त्रिया कालिदासाच्या रघुवंशात (सर्ग ७) आहेतच. तेव्हा विषय जुना, पण त्याची ही विशिष्ट चौकट जहांगीरकालीन, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पहिली दोन मते परस्परांना छेदतातच असे नाही.

माध्यम अपारदर्शक जलरंगाचे. कागदाचे थर चिकटवून वसली करीत. खाका (रेखाटन), पांढरा अस्तर, मग रंग आणि मधूनमधून पालथ्या चित्रावर अकीक या गुळगुळीत दगडाने घोटाई. मलमलीची ओढणी दाखविताना खालचा रंग वाळल्यावर पांढऱ्याचा अगदी विरळ हात देत; वस्त्राची कड पुष्कळदा सोन्याच्या रेषेनेच कळते. मोत्यांसाठी दाट पांढऱ्याचे ठिपके देत. ते बोटाला लागावेत इतके उंच असतात.

चित्रातील स्त्री कोण, हा प्रश्न सहसा सुटत नाही. पडदा पद्धतीमुळे चित्रकाराला जनानखान्यात क्वचितच प्रवेश असे, म्हणून चेहरे ठराविक साच्याचे. ‘नूरजहान’, ‘झेबुन्निसा’ (औरंगजेबाची मुलगी) यांसारखी नावे पुष्कळदा मागाहून घातलेली असल्याने ती जपूनच स्वीकारावीत. राजस्थानातील किशनगढ शैलीचे ‘बणी-ठणी’ हे प्रसिद्ध स्त्रीचित्र (सु. १७५०, चित्रकार निहालचंदाशी निगडित) गवाक्षात नाही, तरी प्रश्न तोच. ती किशनगढचा राजा सावंतसिंह याच्या (१६९९–१७६४) प्रेयसीचे व्यक्तिचित्र की राधा, याविषयी दोन्ही मते आहेत. मुंबईचे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांनी एरिक डिकिन्सन यांच्यासह या शैलीचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय टपाल खात्याने १९७३ च्या तिकिटावर बणी-ठणी ‘राधा’ म्हणूनच छापली.

दख्खनमध्ये, मुख्यतः हैदराबादेत, हा विषय हाताळला गेला.