तडा म्हणजे वयाचा दाखला नव्हे

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने परवा मला चिनी मातीची हिरवट बशी दाखवली. "तडे बघा, शंभर वर्षं तरी जुनी असणार." भातखाचरातला चिखल वाळावा तसे बारीक, देखणे तडे होते. पण तड्यावरून वय ठरत नाही, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं.

बशीवरची झिलई म्हणजे काच. भट्टीत ती वितळून मातीला घट्ट धरते. निवताना साधारण 600 अंशांच्या आसपास ती कडक होते आणि तिथून दोघी एकत्र आकसू लागतात. समजा, झिलई दर अंशामागे मातीपेक्षा दहा लाखांत फक्त एक भाग जास्त आकसते. मग 600 अंशांत 10 सेंटिमीटरच्या बशीवर फरक पडतो 0.06 मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढा! पण माती तिला सोडत नाही, म्हणून झिलई ताणलेलीच राहते. काचेचा यंग गुणांक, म्हणजे ती किती ताठ आहे याचं माप, सुमारे 70 गिगापास्कल; त्याला आकसण्यातल्या फरकाने (600 अंश × दहा लाखांत एक, म्हणजे 0.0006) गुणलं की ताण येतो 42 मेगापास्कल. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र फार कमी. एवढ्याने ती तडकू शकते. म्हणून जाणकार कुंभार झिलईत सिलिका (वाळूतला मुख्य घटक) वाढवून तिचं आकसणं कमी करतात. सोडियम वाढलं की उलट होतं.

भट्टीतून काढलेली भांडी निवताना टिंग टिंग वाजतात, ते हेच तडे. म्हणजे कालच्या बशीलाही ते असू शकतात. चीनमध्ये सोंग राजवंशाच्या काळात (960–1279) तर ते सौंदर्य म्हणून मुद्दाम पाडत. कमी भाजलेली सच्छिद्र माती हवेतला ओलावा पिऊन फुगते, तेव्हा वर्षांनंतरही तडे जातात. आणि चहाच्या पाण्यात बुडवून तडे काळपट करता येतातच.

"या बशीत विष वाढलं तर रंग बदलतो," असंही तो म्हणाला. ही निव्वळ दंतकथा. अशा भांड्यांचा हिरवा रंग येतो कमी हवेच्या भट्टीत भाजलेल्या झिलईतल्या थोड्याशा लोहामुळे. विषाशी त्याचा काही संबंध नाही. उलट जुन्या झिलईत शिसं असेल, तर लिंबाच्या लोणच्यात तेच उतरतं. अशा भांड्यात आंबट काही ठेवू नका.

मी बशी उलटी केली. बुडाच्या कड्यावर झिलई नव्हती. तिथे बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला. बघता बघता तो मुरला, म्हणजे माती कमी भाजलेली, सच्छिद्र. 1200 अंशांच्या वर भाजून घट्ट झालेल्या मातीवर तो तसाच राहिला असता.