विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला कोणती गाठ?

मखमलाबादला आमच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढायचा होता. पायऱ्या निसरड्या, म्हणून उतरणाऱ्या गड्याच्या कमरेला आधाराचा दोर मी बांधला. त्यानं एक हिसका देऊन पाहिला. "भाऊ, हा तर फास झाला. पाय घसरला तर बरगड्या मोडतील की!"

घोळ इथंच होतो. सरकता फास आणि बोलाइन नावाची न आवळणारी गाठ, दोन्हींत दोराच्या शेवटी मोठा फेरा तयार होतो, आणि लांबून ओळखू येत नाही कोणता कोण. सरकत्या फासात टोकाची साधी गाठ उभ्या दोराभोवती, म्हणजे भार घेणाऱ्या लांब भागाभोवती, मारलेली असते. ती दोरावरून मण्यासारखी घसरते. भार वाढेल तसा फेरा आवळतो. लाकडाच्या ओंडक्याला, कडब्याच्या पेंढीला हेच हवं. वासराच्या मानेला मात्र चुकूनही नको.

बोलाइनमध्ये आधी उभ्या दोरातच छोटं वेटोळं घ्यायचं, टोकाकडचा दोर वर येईल असं. टोक कमरेभोवती फिरवून आणायचं, वेटोळ्यातून खालून वर काढायचं, उभ्या दोरामागून वळवायचं आणि त्याच वेटोळ्यातून परत खाली. गड्याच्या भाषेत, उंदीर बिळातून निघाला, बाभळीला वळसा घालून पुन्हा बिळात. वेटोळं उलटं पडलं तर सगळं हातात सुटून येतं. माझं दोनदा आलं. नीट जमलं की ओढ पडल्यावर वेटोळंच टोकाला आवळून धरतं, फेरा होता तेवढाच राहतो.

आपल्याकडे सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ सुटता सुटत नाही. बोलाइन या दोघींच्या मधली. भार असेपर्यंत पक्की, भार उतरला की उभ्या दोरामागचा बाक अंगठ्यानं ढकलायचा, लगेच ढिली. तोच तिचा दोषही. नायलॉनचा गुळगुळीत दोर बिनभाराचा हलत राहिला तर ती आपोआप सैल पडते. म्हणून टोक चांगलं वीतभर सोडून त्याची फेऱ्याच्या दोराला आणखी एक गाठ मारायची. कडे चढणारे हार्नेसला, म्हणजे कमरेला नि मांड्यांना बांधायच्या पट्ट्याला, सहसा आठाची गाठ मारतात. ती नजरेनं तपासायला सोपी, पण भार पडून गेल्यावर सोडवताना नखं दुखतात. आणि दोरावर लोंबकळायचंच असेल तर हार्नेस हवाच, कमरेचा नुसता फेरा श्वास कोंडतो.

गड्यानं माझ्या तिसऱ्या बोलाइनच्या फेऱ्यात पाय घातला, उभा दोर दोन्ही हातांनी खेचला. फेरा पायाला आवळला नाही. मग तो दोर कमरेला बांधून घेऊन पहिल्या पायरीवर उतरला.