घटसर्पाची लस : कोणत्या वयात, कोठे आणि कोणत्या कागदपत्रांसह घ्यावी

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार घटसर्पाविरुद्धची (डिप्थीरियाविरुद्धची) लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीमधून, १६ ते २४ महिन्यांत डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरच्या लसीच्या पहिल्या बूस्टरमधून (संरक्षण पुन्हा वाढवणाऱ्या डोसमधून), ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान दुसऱ्या बूस्टरमधून आणि पुढे १० व १६ व्या वर्षी टीडीच्या (धनुर्वात व घटसर्पावरच्या मोठ्या वयाच्या लसीच्या) रूपाने दिली जाते. सरकारी केंद्रांत हे सर्व डोस मोफत मिळतात. गरोदर मातांनाही आता टीटीऐवजी (फक्त धनुर्वाताच्या लसीऐवजी) टीडीच दिली जाते.

इतके डोस कशासाठी, असे पालक विचारतात आणि ते योग्यच आहे. आईकडून बाळाला मिळालेले संरक्षण काही महिन्यांतच ओसरते, तान्हेपणीच्या तीन डोसांचे बळही वाढत्या वयाबरोबर घटत जाते. त्यामुळे पहिल्या वर्षाचे लसीकरण चांगले झालेल्या गावातही शाळकरी मुले, किशोरवयीन आणि प्रौढ असुरक्षित राहू शकतात. पूर्वी लहानपणी जंतूंशी वारंवार संपर्क येऊन काहींची प्रतिकारशक्ती टिकत असे. लसीकरण वाढल्यावर तो संपर्क कमी झाला, म्हणून बूस्टरचे महत्त्व वाढले. माझ्या मते आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष पाचव्या वर्षाच्या बूस्टरकडे होते, कारण तोवर मूल अंगणवाडीतून शाळेत गेलेले असते आणि लसीकरणाचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी पडलेले असते.

लस घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. आशाताई किंवा आरोग्य सेविकेकडे मुलाचे नाव सांगून उपकेंद्रातील, अंगणवाडीतील किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसीकरण सत्राचा दिवस विचारून घ्यावा. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. जन्मदाखला, आधार कार्ड आणि मोबाइल असल्यास यू-विन या सरकारी ऑनलाइन लसीकरण प्रणालीवर नोंद करणे सोपे जाते. मात्र यांपैकी एखादा कागद नसल्याच्या कारणावरून मुलाला लस नाकारता येत नाही. कार्ड हरवले असल्यास सेविकेकडील नोंदवहीतून किंवा कार्डाच्या स्थळप्रतीतून आधीचे डोस शोधता येतात.

बीड, जालना, परभणी भागातून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. निघण्यापूर्वी देय असलेले डोस घ्यावेत, कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात न बांधता हाताशी ठेवावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर तेथील आशाताईंना ते दाखवावे; मूळ गाव कोणतेही असो, लस कोणत्याही सरकारी केंद्रात घेता येते. डोस चुकला तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेल्या डोसापासून पुढे चालू ठेवावी. एक वर्षापर्यंत एकही डोस न झालेल्या मुलाला पेंटाव्हॅलंटऐवजी डीपीटी देतात आणि तीही सात वर्षांपर्यंतच. त्यानंतर टीडी दिली जाते.

घरात घटसर्पाचा रुग्ण आढळल्यास निकटच्या सर्वांनी तातडीने आरोग्य केंद्रात जावे, कारण त्यांना वयानुसार लसीबरोबर प्रतिजैविकेही दिली जातात. स्वतः रुग्णालाही बरे झाल्यावर लस घ्यावीच लागते. हा आजार होऊन गेला तरी पुरेशी प्रतिकारशक्ती येतेच असे नाही.