पुटकुळी एक, चित्रं दीड हजार

फोटोतल्या गालावरची पुटकुळी पुसायला हात बसलेल्या माणसाला दोन मिनिटं पुरतात. व्हिडिओत तीच पुटकुळी सेकंदाला २५ वेळा, म्हणजे मिनिटभरात १५०० वेळा समोर येते आणि दर वेळी जरा सरकलेली असते. मान वळली की ती लांबट दिसते, हसताना गालाबरोबर वर चढते, सावलीत गेली की रंग बदलते. त्यामुळे फोटोतले डाग घालवण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात चांगली रुजली, तरी हलत्या चित्राला तिचा फार काळ उपयोग झाला नाही. तिथे डाग लपवायचा तो चित्रण होण्याआधीच, नाहीतर तो पडद्यावर जाणारच.

आधी त्या जुन्या विद्येविषयी. म्युनिकचे छायाचित्रकार फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच निगेटिव्हच्या दोन प्रती, एक हात फिरवण्याआधीची आणि एक नंतरची, शेजारी शेजारी मांडल्याचं छायाचित्रणाच्या इतिहासात सांगितलं जातं. युक्ती साधी होती. प्रिंटवर काळा दिसणारा डाग निगेटिव्हवर पारदर्शक असतो, तेव्हा तेवढ्याच ठिपक्यावर टोकदार शिसपेन्सिल फिरवायची की प्रिंटमध्ये तिथली त्वचा उजळते. पुढे पोर्ट्रेट स्टुडिओंत हे रोजचंच काम झालं. पण हे चाले काचेच्या एका निगेटिव्हवर. फिल्मच्या चिमुकल्या चौकटींवर, तेही हजारोंच्या संख्येने, कोण पेन्सिल फिरवणार?

त्यात सुरुवातीची फिल्म स्वतःच चेहऱ्याची वैरीण होती. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा आणि हिरवा प्रकाश कळायचा, लाल जवळजवळ कळायचाच नाही. आरशात जेमतेम गुलाबी वाटणारा मुरूम पडद्यावर काळा ठिक्कर उमटे. मूकपटांतले चेहरे पांढऱ्या रंगाने लिंपल्यासारखे दिसतात त्यामागे नाटकी हौस थोडी आणि ही अडचण जास्त. मेकअपकार मॅक्स फॅक्टर यांनी १९१४मध्ये पडद्यासाठी म्हणून पातळ ग्रीजपेंट, म्हणजे चेहऱ्याला लावायचा तेलकट रंग, तयार केलं, कारण रंगभूमीवरचा जाड थर क्लोजअपमध्ये तडकलेला दिसे. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म कोडॅकने १९१३मध्येच बनवली होती, पण ती महाग होती. १९२६मध्ये तिची किंमत जुन्या फिल्मच्या बरोबरीला आली आणि काही वर्षांत जुनी मागे पडली. गंमत अशी की लाल डागांचा निम्मा प्रश्न कुणी न लपवताच सुटला. फिल्म सुधारली आणि ते फिके झाले.

उरला निम्मा प्रश्न, आणि तो खरा अवघड. डागाला रंग असतो तसा उठावही असतो. रंगावर मेकअप चालतो. उठावावर तो चालत नाही, कारण उंचवटा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांच्या चेहऱ्यावर १९३७मध्ये लंडनमधल्या मोटार अपघाताचे व्रण राहिले होते. छायालेखक ल्युसियन बॅलार्ड यांनी त्यांच्यासाठी कॅमेऱ्याच्या लेन्सलगत एक छोटा दिवा बसवला. प्रकाश लेन्सच्याच दिशेने आला की उंचवट्याची सावली त्याच्या मागे पडते, आणि कॅमेऱ्याला ती दिसत नाही. या दिव्याला ‘ओबी’ हे नाव ओबेरॉन यांच्यावरूनच पडलं. डाग लपवण्याच्या साऱ्या इतिहासात मला हा उपाय सर्वांत देखणा वाटतो. यात त्वचेला हात लागत नाही आणि चित्रही बिघडत नाही.

लेन्सपुढे जाळी लावणं, मागे रेशमी मोजा ताणणं, काचेला व्हॅसलीन फासणं हे उपाय त्यामानाने ढोबळ. त्यांत डागाबरोबर डोळेही धुरकट होतात, आणि नायकाच्या धारदार शॉटनंतर नायिकेचा धुक्यातला शॉट आला की कट खुपतो.

टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी नवीच भानगड केली. चित्र रेखीव दिसावं म्हणून त्यांच्यात कडा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठळक करण्याची सोय असे. त्यात सुरकुत्या आणि रोमछिद्रंही ठळक होत. त्यावर उतारा म्हणून ‘स्किन डिटेल’ आलं. त्वचेचा रंग निवडायचा आणि तेवढ्या रंगापुरता धारदारपणा कमी करायचा. मागे त्याच रंगाचं लाकडी टेबल असलं तर तेही मऊ पडायचं, पण चित्रातली त्वचा यंत्रानेच वेगळी काढायची ही कल्पना इथे होती. एचडी आलं तेव्हा ती फार कामी आली. ७२० × ५७६ची चौकट १९२० × १०८०ची झाली, म्हणजे पिक्सेल बरोबर पाचपट. पूर्वी दोन पिक्सेलांत विरघळणारा व्रण आता स्पष्ट दिसायला लागला.

डाग लपवण्याचं काम संपादनाच्या टेबलावर आलं ते गणितामुळे. १९८१मध्ये ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी एका चित्रातला तुकडा दुसऱ्या चित्रात नेमका कुठे सरकला हे शोधण्याची रीत मांडली. त्यांना हवी होती ती स्टीरिओ दृष्टीसाठी, म्हणजे दोन चित्रांवरून अंतर काढण्यासाठी. गालावरच्या पुटकुळीचा पिच्छा पुरवायला तिच्यातून निघालेल्या रीती कामी आल्या. १९९८मध्ये कार्लो टोमासी आणि रॉबर्टो मंदुची यांचा बायलॅटरल फिल्टर आला. तो शेजारचे पिक्सेल एकत्र मिसळतो, पण फरक मोठा असला, जसा भुवई आणि कपाळाचा, तर मिसळत नाही. म्हणून त्वचा गुळगुळीत होते आणि डोळे धारदार राहतात. दोष एकच. रोमछिद्रांचा फरकही छोटाच असतो, मग तीही जातात आणि चेहरा मेणाचा दिसतो. दुसऱ्या जागेवरून उसनी आणलेली त्वचा आजूबाजूच्या उजेडात बेमालूम मिसळून टाकण्याचं गणित २००३चं, पॅट्रिक पेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं.

आज कुठलाही एडिटर करतो ती कृती या धाग्यांचीच वीण आहे. डागाला ट्रॅकर, म्हणजे त्याचा माग काढणारं साधन, लावायचा, शेजारच्या चांगल्या त्वचेचा पॅच, म्हणजे तुकडा, त्यावर आणायचा, कडा फेदर करायच्या, म्हणजे हळूहळू विरवायच्या, आणि शेवटी ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक कणीदारपणा, परत घालायचा. ग्रेन विसरला की बाकी गाल जिवंत आणि तेवढा ठिपका निर्जीव दिसतो. एका फ्रेममध्ये पॅच निर्दोष असूनही प्ले केल्यावर थरथरतो, आणि ती थरथर मूळ पुटकुळीपेक्षा जास्त लक्ष वेधते. तोंडाजवळचं काम सर्वांत कठीण, कारण तिथली त्वचा बोलताना ताणते आणि चुरगळते. २०१७च्या ‘जस्टिस लीग’ चित्रपटात अभिनेते हेन्री कॅव्हिल यांची मिशी संगणकावर काढली, तेव्हा पैशाची आणि माणसांची वानवा नव्हती. तरीही वरचा ओठ प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरलाच.

या कामात एक पाळला जाणारा भेद आहे. आठवड्याने जाणारं, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, पुरळ, हे न विचारता काढावं. तीळ, जन्मखूण, जुना व्रण हे मात्र त्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय काढू नये. फोनमधले फिल्टर हा भेद मानत नाहीत. २०१५मध्ये स्नॅपचॅटने ‘लेन्सेस’, म्हणजे चालू कॅमेऱ्यात चेहऱ्यावर बसणारे फिल्टर, आणल्या. २०१९मध्ये गूगलने चेहऱ्यावर ४६८ बिंदूंची जाळी जागच्या जागी बसवणारं तंत्र खुलं केलं. आता पुसणं चालू कॅमेऱ्यातच होतं. नॉर्वेत १ जुलै २०२२पासून जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराचा आकार, आकारमान किंवा त्वचा बदलली असेल तर तसं चिन्ह लावणं सक्तीचं आहे, आणि पैसे घेऊन जाहिरात करणारे इन्फ्लुएन्सरही त्यात येतात. पूर्वी चेहरा बदलला की नाही असा प्रश्न आला तर कच्चं फुटेज, म्हणजे हात न लावलेलं मूळ चित्रण, काढून दाखवता येत असे. फिल्टर लावूनच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओचं कच्चं फुटेज बहुधा उरलेलंच नसतं.