साविन: मृतांच्या आधी गुरांचा सण

३१ ऑक्टोबरचा हॅलोविन हा आयर्लंडच्या ‘साविन’ या जुन्या सणाचा वारसा, असं आपण नेहमी वाचतो. त्या रात्री पूर्वज घरी परततात अशी प्राचीन केल्टिक लोकांची श्रद्धा होती, असंही त्याच दमात सांगितलं जातं. पुरावे चाळायला बसलं, की मात्र आधी दिसतात ती गुरं.

मेपासून डोंगरातल्या कुरणांवर चरणारी जनावरं नोव्हेंबर लागता लागता खाली आणली जात. हिवाळाभर सगळ्यांना पुरेल एवढा चारा नसे, म्हणून काही जनावरं कापली जात. साविन म्हणजे उन्हाळ्याची अखेर.

या तारखेला सूर्याचाही आधार आहे. शरद संपात (सप्टेंबरमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) आणि वर्षातला सर्वांत लहान दिवस यांच्या मधोमध नोव्हेंबरचा पहिला आठवडा येतो. मीथ परगण्यातल्या तारा टेकडीवर सुमारे ५,००० वर्षांपूर्वीचं एक दगडी थडगं आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला उगवत्या सूर्याचे किरण त्याच्या आत शिरतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही तेच घडतं, कारण २१-२२ डिसेंबरच्या आगेमागे सारख्याच अंतरावरच्या दिवशी सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच ठिकाणी उगवतो. पण आतली वाट जेमतेम चार मीटरची. इतक्या आखूड वाटेत ऊन बरेच दिवस येत राहतं, त्यामुळे हे थडगं साविनसाठीच बांधलं असं म्हणणं मला घाईचं वाटतं.

मग मृत आले कुठून? मध्ययुगीन आयरिश कथांमध्ये साविनच्या रात्री टेकड्या उघडतात आणि अद्भुत लोकातले रहिवासी बाहेर पडतात. ते कुणाचे पितर नव्हेत. पितरांची ठळक खूण सापडते ती चर्चच्या पंचांगात. ८३५ साली पश्चिम युरोपातल्या फ्रँक साम्राज्यात सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरला ठरला. त्याच शतकाच्या उंबरठ्यावर आयर्लंडमध्ये लिहिलेल्या ओएंगस या धर्मगुरूच्या संतनामावलीत हा दिवस २० एप्रिलला येतो! म्हणजे चर्चने साविनवर कब्जा करण्यासाठी ही तारीख निवडली, हा लाडका सिद्धांत इथेच डळमळतो. पुढे सन १००० च्या आसपास फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थनेचा प्रघात पाडला. क्लूनीचे मठ युरोपभर पसरलेले होते, त्यामुळे प्रथाही झपाट्याने पसरली.

गुरांच्या सणाशेजारी मृतांचा दिवस असा येऊन बसला, आणि पुढच्या पिढ्यांना दोन्ही एकच वाटू लागले.