कायोटीची शिट्टी : बंद पट्टीची की उघड्या पट्टीची?

अमेरिकेत कायोटीला जवळ बोलावण्यासाठी शिकारी तोंडाने शिट्टी वाजवतात. (कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी. तो आपला कोल्हा नव्हे, पण कोल्हेकुई ऐकलेल्याला त्याची हाक ओळखीची वाटेल.) दुकानात या शिट्ट्यांचे दोन प्रकार शेजारी ठेवलेले असतात आणि लांबून सारखेच दिसतात. फरक आतल्या पट्टीत, म्हणजे फुंकर लागली की थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पात्यात आहे.

बंद शिट्टीत पट्टी नळीच्या पोटात असते, तिला ओठ लागत नाहीत. फुंकलं की संकटात सापडलेल्या सशाचा टाहो बाहेर पडतो. म्हणजे ही पेटीसारखी झाली. सूर कारागिराने आधीच ठरवलेला, तुमच्या हाती फक्त हवेचा जोर आणि शिट्टीच्या पुढच्या तोंडाशी उघडझाप करणारा हाताचा पंजा. पहिल्याच दिवशी कामाचा आवाज निघतो, हे तिचं मोठं बळ.

उघडी शिट्टी सनईच्या वळणाची. खोबणीवर प्लॅस्टिकची पातळ पट्टी उघडी असते आणि ती ओठांनी किंवा दातांनी दाबायची. पट्टीचा जितका कमी भाग थरथरतो, तितका आवाज बारीक. दाबायची जागा सरकवत गेलं की त्याच शिट्टीतून ससा, पिल्लाचं केकाटणं आणि कायोटीची लांब हाकसुद्धा निघते. सुरुवातीचे काही आठवडे मात्र नुसते चिरके आवाज येतात. तरी माझं मत हिच्याच बाजूने आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कायोटींचा जोड्या जमवण्याचा काळ असतो, तेव्हा सशाच्या टाहोपेक्षा हाकेला जास्त उत्तर मिळतं, आणि सशाच्या सुरावर बसवलेल्या बंद शिट्टीतून ती हाक निघत नाही. हाक घालताना भांडखोर सूर आधी लावू नये. दबून राहणारी तरुण जनावरं तो ऐकून निघून जातात.

थंडीचाही प्रश्न आहे. मोंटाना-वायोमिंग या अमेरिकी राज्यांच्या हिवाळ्यात श्वासातला ओलावा बंद नळीतल्या पट्टीवर गोठतो आणि शिट्टी ऐन वेळी मुकी होते. उघडी पट्टी अंगठ्याने पुसली की पुन्हा बोलते. बंद शिट्टी वापरायचीच असेल, तर ती कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी.

बसण्याची रीत दोन्हींना एकच. कायोटी बहुतेकदा वळसा घालून वारा तुमच्याकडून जिकडे वाहतो त्या अंगाला येतो, वास घ्यायला. म्हणून ती बाजू नजरेत राहील अशी जागा धरावी. पहिली फुंकर हलकी, कारण जनावर जवळच असू शकतं. मग अर्धा-एक मिनिट वाजवून थांबायचं, आणि असं पंधरा-वीस मिनिटं. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते आधी वाचावेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कोल्ह्याची शिकार गुन्हा आहे, तेव्हा ही शिट्टी इकडे आणून कोल्ह्यांवर आजमावू नये.

कायोटी दिसला आणि तुमच्याकडे येऊ लागला, की शिट्टी बंद करावी. आवाज कुठून येतो हे त्याने नेमकं हेरलेलं असतं. मध्येच तो थबकला, तर हाताच्या पाठीवर ओठ टेकून उंदरासारखं हळूच चिकचिक करावं. त्यासाठी कोणतीच शिट्टी लागत नाही.